तीन लाल भिंती आणि एक पांढरी

मयताच्या दिवशी घराच्या सगळ्या खिडक्यांना आतून पांढऱ्या चादरी लावायच्या, ही ग्रोसुंद गावाची रीत. आणि रूतच्या भावाच्या, अन्शेल्मच्या, घरात धडक्या चादरी होत्या चार. तेव्हा त्याचं मयत आईच्या घरातून काढायचं ठरलं आणि चादरी लावायचं काम आपसूक रूतवर येऊन पडलं. आईच्या घरी चादरींना तोटा नव्हता. उन्हाळी पाहुण्यांसाठी घेतलेल्या, कडेला हातानं विणलेली लेस असलेल्या बारा चादरी कपाटात होत्या. रूतनंच त्या धुतल्या होत्या, शेवंडीचा हंगाम उघडला त्या सोमवारी.

ती शिडीवर उभी राहून खिळे ठोकत होती आणि खाली आई खुर्चीत बसली होती. आईला, म्हणजे हिल्माबाईंना, आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण कान तिखट.

"कुठल्या लावत्येस?"

"पाहुण्यांच्या."

"बऱ्या वाळल्या ना? त्या दिवशी बाहेरच राहिल्या होत्या त्या. आत आण म्हणाले होते मी तुला."

"वाळल्या, आई."

रूतच्या हातून खिळा निसटला आणि जमिनीवर गडगडत गेला. खाली उतरून तिनं तो शोधला, पुन्हा वर चढली, आणि तेवढ्या वेळात आई बोलायची थांबली हे बरंच झालं.

एलोफ, तिचा थोरला भाऊ, काल अंधार पडल्यावर शेवटच्या बसनं आला होता. त्याचं बिऱ्हाड पलीकडे मोठ्या बंदरावर, आणि एप्रिलपासून तो आपली मोठी बोट घेऊन उत्तर समुद्रात होता. आल्या आल्या त्यानं कोट काढला, शवपेटीपाशी दोन मिनिटं उभा राहिला, आणि म्हणाला, "चौदा वर्षं धरवलं त्यानं. एवढं तरी म्हणायला हवं." बस. याउपर त्यानं धाकट्या भावाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सगळं गाव हेच म्हणत होतं, तर भावानं काय वेगळं म्हणावं? एके काळी अन्शेल्म प्यायचा. नुसता नाही, चांगला दाबून प्यायचा. मग एका नाताळात त्यानं पाद्रीबाबांसमोर हात वर करून शपथ घेतली आणि त्यानंतर थेंबाला शिवला नाही. पण ग्रोसुंदचं असं आहे, एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं. शेवंडीच्या हंगामाचा पहिला सोमवार, वारा नाही, लाट नाही, नुसतं धुरकट. लहानपणापासून ज्या वाटेनं ये-जा केली त्याच वाटेवर, घरापासून हाकेच्या अंतरावर हा माणूस म्हातारी नावाच्या खडकावर बोट घालतो. शुद्धीत असलेला माणूस असं करील? नाही करणार. मग झालं तर. दोन अधिक दोन चार करायला गावाला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मंगळवारी सकाळी त्याला पाण्यातून काढलं तेव्हा काढणाऱ्यांनी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला म्हणतात. रात्रभर पाण्यात पडलेल्या माणसाच्या तोंडाचा वास! काय सापडणार होतं त्यांना?

आणि इंगवोर, त्याची बायको? ती बाटली शोधायला लागली. आधी घरात, मग होडीच्या खोपीत, मग जाळ्यांच्या ढिगात. परवा रूत तिच्याकडे पाव घेऊन गेली तर ही बाई तळघरात गुडघ्यांवर बसून बटाट्यांच्या पेट्या एकेक करून रिकाम्या करत होती. सापडली नाही म्हणजे त्यानं किती पक्की लपवली असेल, एवढंच तिला वाटत होतं. रूत दारात उभी राहिली, पाव पायरीवर ठेवला, आणि परत आली. त्या वेळी बोलायला हवं होतं. तो बुडाला त्याच्या आदल्या रविवारी तर हवंच होतं.

रूतला ठाऊक होतं. अख्ख्या गावात एकट्या रूतला ठाऊक होतं.

पेटी घराबाहेर निघायच्या आधी घरच्यांनी तिच्यावर हात ठेवायचा असतो. एलोफनं ठेवला, इंगवोरनं ठेवला, रूतनं ठेवला. हिल्माबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. एलोफ त्यांना धरून न्यायला गेला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला. "मला वचन दिलं होतं त्यानं," एवढंच म्हणाल्या. उंबऱ्यावर देवदाराच्या हिरव्या डहाळ्या बारीक तोडून पसरल्या होत्या, आतल्या मुलखातून मुद्दाम आणलेल्या, कारण ग्रोसुंदच्या उघड्या खडकावर झाड म्हणून उगवत नाही. त्या तुडवत माणसं बाहेर पडली, आणि म्हातारी आई आत चादरींच्या पांढऱ्या उजेडात एकटी बसून राहिली.

पाद्रीबाबांनी प्रवचनाला वचन घेतलं, 'सावध असा, जागे राहा.' इतकं सांगितलं असतं तरी कळलं असतं. पण त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं, नाव न घेता. मान खाली घालून बसलेल्या इंगवोरच्या मानेवर लाल चट्टे उठत गेले ते मागच्या बाकावरून रूतला दिसत होते. मेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द बोलतात सगळीकडे, पण आमच्या किनाऱ्यावर ती चैन नाही.

परत आल्यावर वरच्या बैठकीच्या खोलीत कॉफी मांडली. वरची खोली म्हणजे पाहुण्यांची खोली. वीस वर्षं झाली, जून उजाडला की रूत आणि आई आपला बाडबिस्तरा घेऊन तळघरात उतरतात आणि वर गोथेनबर्गचे दंतवैद्य डॉक्टर सेडरग्रेन आणि त्यांची बायको राहायला येतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. गावातली निम्मी घरं उन्हाळ्यात असंच करतात. तळघरात राहणाऱ्यांनी पावलं न वाजवता चालायचं, मासा तळायचा तर खिडकी लावून तळायचा, आणि वरून कुणी काही विचारलं तर होय म्हणायचं. आंघोळीच्या खडकावर शिडी लावू का? होय. कोंबड्या जरा पलीकडे ठेवता येतील का? होय, होय. वीस उन्हाळे होय म्हणून म्हणून रूतच्या जिभेला दुसरा शब्द राहिला नव्हता.

आणि आज ते दोघेही आले होते. एवढा प्रवास करून, काळे कपडे घालून, मोठं पुष्पचक्र घेऊन. माणसं वाईट नाहीत ती. अन्शेल्मवर डॉक्टरांचा जीव होता. सुट्टीत तो घरी असला की दोघं मिळून बांगडे पकडायला जायचे.

सात प्रकारची बिस्किटं, वेलदोड्याचा पाव, चीज, धुरावलेला बांगडा. बायका खिडकीच्या बाजूला, पुरुष दाराच्या बाजूला. पाद्रीबाबा मधोमध. इंगवोर ताट घेऊन फिरत होती आणि माणसं एकेकच बिस्किट उचलत होती, दुसऱ्यांदा कुणी हात घालत नव्हतं. दुसऱ्यांदा घेणं म्हणजे मेलेल्याचा मान. बारीकसारीक गोष्टींतून माणसाला कसं सोलून काढायचं ते या गावाला बरोबर ठाऊक आहे. रूतला ताटाकडे बघवेना.

शांतता फार झाली तेव्हा डॉक्टरांना वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं. शहरातल्या माणसांना शांततेची भीती वाटते.

"मला एकाच गोष्टीची रुखरुख आहे," ते एलोफला म्हणाले. "मी त्याला एक गंमत दाखवणार होतो. तुमची ती टोकावरची होडीची खोप. वीस वर्षं मी त्या खडकावर आंघोळ करतोय आणि वीस वर्षं बघतोय, तीन भिंती लाल आणि समुद्राकडची चौथी नुसती चुन्याची. तुमच्या आजोबांचा लाल रंग संपला आणि तेव्हापासून तशीच राहिली, हे अन्शेल्मनंच मला सांगितलं होतं. काय हसलो होतो आम्ही! तर यंदा जुलैत मी ती पुरी करून टाकली. चांगला तेलाचा रंग आणला होता. आता चारही भिंती एकसारख्या." ते रूतकडे वळले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते. "त्यानं बघितली का हो?"

खोलीत काही घडलं नाही. पाद्रीबाबांनी कॉफीचा घोट घेतला. शेजारची आल्मा म्हणाली, हो, त्या घराला गावात तीनभिंतीवाले म्हणतात ना, आता नाव बदलायला हवं, आणि दोघी-तिघी बेतानं हसल्या. त्यांना काय कळणार! ती झाकली मूठ होती. त्या खोलीत तीनच माणसांना त्या भिंतीचा अर्थ ठाऊक होता, एक आई आणि तिच्या पोटची दोन. एलोफनं कप बशीत ठेवला तो हळूच ठेवला, पण ठेवल्यावर हात कपावरून काढला नाही. हिल्माबाईंनी चेहरा आवाजाच्या दिशेला वळवला.

रूत उठली आणि कॉफीची किटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. एलोफ मागोमाग आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"खरं का ते?"

"खरं."

"त्यानं न विचारता रंगवली?"

इथे रूतला पळवाट होती. आयती, कुणीतरी उघडून दिलेली. डॉक्टर हा शहरातला माणूस, बिनडोक, न विचारता केलं, संपलं. सगळं त्याच्या डोक्यावर गेलं असतं आणि तो बिचारा ते शहरात घेऊन गेला असता.

"विचारलं होतं त्यानं," ती म्हणाली. "मी म्हटलं, फार उपकार होतील."

एलोफ स्टुलावर बसला. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. बाहेरून आत येताना दोन खडकांमधून जी अरुंद फट आहे तिला त्यांच्या घरात सुईचं नेढं म्हणत. इतर सगळे उत्तरेच्या रुंद खाडीनं येतात, तिथे तरंगते दिवे आहेत. नेढ्यातून येणारं एकच घर. नेढ्यापलीकडे त्यांच्या शेवंडीच्या जागा, पणजोबांनी शोधलेल्या. आणि नेढ्याची खूण ही, की टेकडीवरची दगडांची रास आणि तिच्या बरोबर खाली खोपीची पांढरी भिंत. दोन्ही एका रेषेत आली की डोळे मिटून आत यावं. रेषा जरा उत्तरेला सरकली की म्हातारी. ही खूण कुणाला सांगायची नाही, कुठे लिहायची नाही. बायकोला नाही, जावयाला नाही, फक्त रक्ताच्या माणसाला, आणि तीही समुद्रावर बोटीत बसून. गावानं विचारू नये म्हणून आजोबांनी रंग संपल्याची गोष्ट रचली आणि गाव आपल्याला चिक्कू म्हणतं ते खुशाल म्हणू दिलं. दर वर्षी मे महिन्यात चुना द्यायचं काम रूतचं. ते तिनं कधी चुकवलं नाही.

रूतनं सगळं सांगितलं, उभ्यानंच. पाहुणे गेल्यावर तिनं लगेच चुना दिला होता. तेलाच्या रंगावर चुना धरतो कसला! पहिल्या पावसात ओघळून गेला. मग दुकानात पांढरा तेलरंग सांगून ठेवला, तो आला नाही. मनात म्हटलं, आता कोण जातंय नेढ्यातून. एलोफची बोट मोठी, अन्शेल्म डेन्मार्कच्या बाजूला दुसऱ्यांच्या बोटीवर. आणि अन्शेल्म घरी आला तो शनिवारी संध्याकाळी, रविवारी चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला तिच्या समोरच बसला होता, आणि सोमवारी उजाडायच्या आत पिंजरे घेऊन गेला. अंधारात गेला, पाठ गावाकडे. त्यानं भिंत बघितलीच नाही.

"पण मग खूण दिसली नाही तर तो थांबला असता," एलोफ म्हणाला. "अन्शेल्म वेडा नव्हता. पांढरं दिसल्याशिवाय तो नेढ्यात शिरणार नाही."

"पांढरं दिसलं त्याला."

एलोफनं वर बघितलं.

"मी चादरी धुतल्या होत्या. कोंबड्यांच्या कुंपणाशी वाळत घातल्या होत्या, खोपीपासून वीस पावलांवर, उत्तरेला. संध्याकाळपर्यंत सुकल्या नाहीत म्हणून राहू दिल्या. गेल्या गुरुवारी मी त्या पुन्हा तिथेच घातल्या आणि तिन्हीसांजेला होडी वल्हवत बाहेर गेले. एलोफ, आपली भिंत वाटते ती. अगदी आपली भिंत वाटते. तीच धरून मी आत आले आणि म्हातारी समोर पाण्यात काळी दिसली तेव्हा वल्ही उलटी मारली."

एलोफची नजर खिडकीवरच्या चादरीकडे गेली. मग म्हणाला, "त्याच चादरी आज खिडक्यांना लावल्यास?"

"दुसऱ्या नव्हत्या."

त्यानं दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. आणि मग तो थोरल्या भावासारखा बोलायला लागला, हलक्या आवाजात, बोटीवर माणसाला बजावतात तसं. हे इथेच राहू दे. अन्शेल्म गेला तो गेला, बोलून तो उठून बसणार नाही. बोललीस तर खूण उघडी पडेल, चार पिढ्यांची. बोललीस तर आईला दोन मुलं गेल्यासारखं होईल. तुला याच गावात राहायचंय, याच दुकानात जायचंय, याच बाकावर बसायचंय. आयुष्यभर पोरंटोरं सांगतील, ही ती चादरीवाली. डॉक्टर माणूस भला आहे, त्याला कशाला मारतेस? आणि गावाचं म्हणशील तर गाव दारूबद्दल हिवाळाभर बोलेल आणि विसरेल. "तो प्यायचा होताच की," एलोफ म्हणाला.

"चौदा वर्षं नाही."

"हे आपल्याला ठाऊक आहे, पुरे की."

"आपल्याला कुठे ठाऊक होतं? काल तूसुद्धा पेटीपाशी उभा राहून तेच म्हणालास. आणि मी ऐकून घेतलं."

एलोफ उठून दाराकडे वळला. दार उघडलं ते त्यानं नाही. हिल्माबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. भिंतीला हात लावत लावत त्या स्वतःच आल्या होत्या, आणि किती वेळ उभ्या होत्या ते त्यांनाच ठाऊक.

"मी त्याच्या पेटीला हात लावला नाही," म्हातारी म्हणाली.

चौकट सोडून त्यांनी एक पाऊल आत टाकलं.

"पोटचा पोर. हात नाही लावला मी."

"आई, तू बस," एलोफ म्हणाला आणि दार लोटायला पुढे झाला.

"तू बाजूला हो, एलोफ." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुझ्या बापानं ती खूण मला सुद्धा सांगितली नव्हती. बत्तीस वर्षं संसार केला त्याच्याशी. तो बुडाला त्या वर्षी तू मला सांगितलीस, रक्ताची नसून, कारण चुना द्यायला कुणीतरी हवं होतं आणि रूत लहान होती. सोयीनं उघडता येते ती मूठ. जा, रूत."

आईनं जवळ घेतलं नाही, माफही केलं नाही. नुसती वाट दिली. रूतला एवढं पुरे होतं, आणि एवढं मिळालं म्हणून तिचे पाय आणखीच जड झाले.

बैठकीत इंगवोर तेच ताट घेऊन उभी होती. बिस्किटं जवळजवळ तेवढीच होती. रूत तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. आधी तिला वाटलं होतं वहिनीला बाजूला घेऊन सांगावं, पण बारा दिवस अन्शेल्मची अब्रू गेली ती काही बाजूला घेऊन गेली नव्हती, चारचौघांत गेली होती. तेव्हा तिथेच, पाद्रीबाबांच्या आणि आल्माच्या आणि सगळ्यांच्या समोर ती बोलली. दगडांची रास, पांढरी भिंत, नेढं; आजोबांची लाल रंगाची थाप. चार पिढ्या जे कुणाच्या कानावर पडलं नव्हतं ते पाच वाक्यांत बोलून झालं. मग डॉक्टरांनी विचारलं आणि आपण होय म्हटलं ते. मग चादरी. डॉक्टरांच्या बायकोनं मधेच तोंडावर हात ठेवला. डॉक्टर उभे राहिले, पुन्हा बसले, आणि त्यांचं तोंड अर्धवट उघडंच राहिलं.



"म्हणजे तो शुद्धीत होता," इंगवोर म्हणाली.

"हो, वहिनी."

"बरोबर वाटेनं येत होता."

"त्याला दिसत होतं त्याप्रमाणे बरोबर."

इंगवोर वळली ती पाद्रीबाबांकडे. त्यांच्याकडे ती नुसती बघत राहिली. पाद्रीबाबा चष्मा पुसू लागले. मग त्यांनी पुढे होऊन तिच्या ताटातलं दुसरं बिस्किट उचललं, आणि त्यांनी उचललं म्हणून आल्मानं उचललं, आणि मग एकामागून एक सगळ्यांचे हात पुढे आले. ताट रिकामं झालं. बिस्किटं चावल्याचा आवाज तेवढा येत राहिला. इंगवोरनं रिकामं ताट टेबलावर ठेवलं आणि खिडकीपाशी गेली.

दिवस मावळेपर्यंत त्या चादरी काढायच्या नसतात. तिनं खिळे हातानंच उपटले. चादर खाली आली आणि दुपारचा करडा उजेड आत शिरला. बाहेर खडक, पाणी, आणि टोकावर ती खोप. लाल. पण इंगवोरनं बाहेर बघितलं नाही. तिनं चादरीची दोन टोकं आपल्याकडे ठेवली आणि उरलेली दोन रूतच्या पुढे धरली. मोठी चादर एकट्या बाईला घडी करता येत नाही. बावीस वर्षं या दोघी प्रत्येक सप्टेंबरात या घरच्या चादरींच्या घड्या करत आल्या होत्या, तेव्हा रूतचे हात आपोआप पुढे गेले.

ताणली, झटकली, दुमडली. एकमेकींकडे चालत आल्या. मधे दोघींच्या बोटांना बोटं लागली, आणि इंगवोरनं टोकं घेतली नाहीत. तशीच उभी राहिली.

"रविवारी तो तुझ्यासमोर बसला होता. रविवारी का नाही बोललीस?"

याचं उत्तर रूतनं एलोफला सांगितलं नव्हतं, आईला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

"लाज वाटली. मी डॉक्टरांना नाही म्हणू शकले नाही हे त्याला कळलं असतं. त्यानं मला चिडवलं असतं, दंतवैद्याची मोलकरीण म्हणून. तो नेहमी म्हणायचा तसं. तो हसला असता."

इंगवोरचे डोळे कोरडे होते.

"मग हसू द्यायचं होतंस त्याला."

तिनं रूतच्या हातातून टोकं काढून घेतली, घडी पुरी केली आणि टेबलाच्या कडेला ठेवली. मग दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन दुसरी चादर उतरवली. रूत हात पुढे करून तिथेच उभी होती. इंगवोर तिच्या बाजूनं पुढे गेली आणि चादरीची दोन टोकं डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिली. त्या बाईनं वीस उन्हाळे त्या चादरींवर झोप काढली होती, पण एकीचीही घडी कधी केली नव्हती. टोकं कशी धरायची ते इंगवोर तिला हलक्या आवाजात सांगू लागली.